परसात पर्पल मार्टिन वसवायचे तर: पांढरे भोपळे, अरुंद दारं आणि आठवड्याची फेरी

अमेरिकेच्या पूर्व भागात गावाबाहेरच्या रस्त्याने जाताना एखाद्या मोकळ्या हिरवळीत उंच खांब दिसतो आणि त्याला डझनभर पांढरेशुभ्र भोपळे टांगलेले असतात. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेत की काय, असं आपल्या मनात येतं. ती असते पर्पल मार्टिन या पक्ष्याची वस्ती. हिवाळ्यात आपल्याकडे विजेच्या तारांवर ओळीने बसणारी माळभिंगरी याच कुळातली. मात्र मार्टिन अंगाने तिच्यापेक्षा बराच दांडगा. लांबी सुमारे २० सेंटिमीटर, वजन ५०-६० ग्रॅम. उत्तर अमेरिकेतल्या भिंगऱ्यांमध्ये याच्याहून मोठी दुसरी नाही. पूर्ण वाढलेला नर पाठीपासून पोटापर्यंत निळसर जांभळा, तेल लावल्यासारखा चकचकीत. मादी आणि वर्षभराची पिल्लं पोटाकडे राखाडी.

रॉकी पर्वतरांगेच्या पूर्वेला हा पक्षी आता जवळजवळ पूर्णपणे माणसाने दिलेल्या घरांतच वीण करतो. ही सवय जुनी आहे. चोक्टॉ आणि चिकासॉ या मूळ रहिवासी जमातींचे लोक झोपडीजवळच्या लहान झाडाच्या वरच्या फांद्या छाटत आणि उरलेल्या खुंटांना पोकळ भोपळे टांगत, असं पक्षीअभ्यासक अलेक्झांडर विल्सन यांनी १९व्या शतकाच्या सुरुवातीला लिहून ठेवलं आहे. हा भोपळा म्हणजे आपला दुध्याच, वेलावर जून होऊन वाळलेला.

आता घर टांगलं की मार्टिन येतात का? बहुतेक वेळा आधी चिमण्या येतात. पुढचं सगळं त्या एका वाक्याभोवती फिरतं. मार्टिन सांभाळणाऱ्यांना अमेरिकेत गमतीने ‘घरमालक’ म्हणतात आणि ते नाव चपखल आहे: जागा निवडायची, दुरुस्ती करायची, आगंतुकांना बाहेर काढायचं, दर आठवड्याला फेरी मारायची. हे जमणार नसेल, तर घर न लावणंच पक्ष्यांच्या भल्याचं.

आधी नकाशा बघा

टेक्सास, ओक्लाहोमा, लुइझियाना, फ्लोरिडा या पट्ट्यात मार्टिन भरपूर. ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिनच्या उपनगरांत मोकळं परस असेल, तर आशा धरायला हरकत नाही. न्यू जर्सीत दक्षिणेकडे वस्त्या आहेत, उत्तरेकडे तुरळक. कॅलिफोर्नियात मात्र हे पक्षी बहुतांशी सुतार पक्ष्याने झाडात कोरलेल्या ढोलींत राहतात; सॅक्रामेंटोमध्ये तर उन्नत रस्त्यांच्या पोटाला पाणी निचरण्यासाठी ठेवलेल्या भोकांत त्यांची वीण होते. त्यामुळे सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात परसात खांब उभारून फारसं काही हाती लागणार नाही. ॲरिझोनातली उपजात सग्वारो निवडुंगातल्या भोकांत राहते आणि पेटीकडे ढुंकूनही बघत नाही. सिएटलकडे, प्युजेट साउंड या खाडीच्या काठी, पाण्यात रोवलेल्या जुन्या लाकडी खांबांवर लावलेल्या भोपळ्यांत मार्टिन वसतात, पण ते काम परसातलं नव्हे. भारतात हा पक्षी येतच नाही. त्याचा हिवाळा दक्षिण अमेरिकेत, मुख्यतः ब्राझीलमध्ये, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात जातो.

त्या प्रवासाचा वेग किती, हे २००७ साली पेनसिल्व्हेनियातल्या मार्टिनच्या पाठीवर जेमतेम ग्रॅम-दीड ग्रॅमची नोंदणी यंत्रं बसवली तेव्हा कळलं. एक मादी ब्राझीलला जाताना रमतगमत ४३ दिवस घेऊन पोचली आणि वसंतात तेच अंतर १३ दिवसांत कापून परतली. परतीची एवढी घाई चांगली खोली पकडण्यासाठी. जुने पक्षी आधीच्या वर्षीच्या जागेवरच परत येतात आणि एकदा बस्तान बसलं की पागडीच्या भाडेकरूसारखे वर्षानुवर्षं हलत नाहीत. नव्या घरमालकाने हे नीट समजून घ्यायला हवं, कारण नवी वस्ती जुने पक्षी बहुधा सुरू करत नाहीत. ती सुरू करतात गेल्या वर्षी जन्मलेली, पहिल्यांदाच घर शोधणारी तरुण मंडळी.

जागा: झाडांपासून लांब, माणसांजवळ

मार्टिन हवेत सूर मारत, गिरक्या घेत घराकडे येतो. त्याला येण्याजाण्याची वाट मोकळी लागते आणि झाडाआडून ससाणा झडप घालेल ही भीतीही असते. खांबापासून ४० ते ६० फुटांच्या आत उंच झाड नको. सगळ्या दिशा मोकळ्या मिळणं उपनगरात कठीण. मग निदान दोन-तीन दिशांना तरी लांबवर मोकळं आकाश हवं. त्याच वेळी खांब तुमच्या घरापासून ३० ते १०० फुटांत असावा. नवख्यांना हे उलटं वाटतं. पक्षी बुजेल म्हणून ते खांब परसाच्या पार टोकाला, झाडीला खेटून लावतात आणि वर्षानुवर्षं वाट पाहत बसतात. माणसांची वर्दळ असली की शिकारी पक्षी आणि कावळे लांब राहतात, हे मार्टिनला पक्कं ठाऊक असतं.

खांबाखाली झुडपं नकोत, खांबावर वेल चढवू नका, ताण द्यायला तारा बांधू नका. या सगळ्या साप आणि रॅकून (झाडांवर चढणारा, मांजरापेक्षा थोराड निशाचर प्राणी) यांच्यासाठी शिड्या ठरतात. जवळ तळं असेल तर उत्तम, नसलं तरी अडत नाही. पाच वर्षांपूर्वी मोकळी असलेली जागा शेजारच्या मेपलच्या झाडाने हळूहळू झाकली आणि चांगली चाललेली वस्ती उठली, असंही होतं. म्हणून दर हिवाळ्यात खांबाशी उभं राहून चहूकडे नजर टाकावी आणि फांद्या छाटून घ्याव्यात.

खड्डा खणण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करा. जमिनीखालच्या वायू-विजेच्या वाहिन्या कुठून जातात त्यावर माणसं येऊन मोफत खुणा करून जातात. तुम्ही राहता त्या वसाहतीच्या सोसायटीचा नियमही आधी वाचा. काही ठिकाणी १५ फुटी खांबाला लेखी परवानगी लागते.

खांब

घर जमिनीपासून १२ ते १५ फुटांवर हवं आणि ते सरळ उभं राहूनच खाली-वर करता यायला हवं. एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा खांब किंवा विहिरीच्या रहाटासारखी कप्पी-दोरी आणि हातविंच असलेला खांब, दोन्ही चालतात. बिजागरीवर आडवा करायचा खांब स्वस्त पडतो, पण कामाचा नाही. आडवा केला की खोल्यांतली अंडी एका कोपऱ्यात घरंगळतात आणि फुटतात. मग मालक घर उतरवायचंच टाळतो आणि वर काय चाललंय ते कुणाला कळत नाही. घराची एक बाजू नेहमी त्याच दिशेला राहील अशी खूण खांबावर करा. घर चुकून पाव फेरा फिरलेलं राहिलं, तर चोचीत चतुर घेऊन आलेली मादी भलत्याच खोलीच्या दाराशी घिरट्या घालत बसते.

भोपळा घ्यावा की पेटी

अ‍ॅल्युमिनियमच्या अनेक मजली पेट्या दिसायला छान, पण जुन्या पद्धतीच्या खोल्या ६ इंच लांब, ६ इंच रुंद, ६ इंच उंच अशा असतात. पाच पिल्लं, त्यांची आई आणि ओलं गवत एवढ्यात मावत नाही. पाऊस दारातून थेट घरट्यावर येतो आणि घुबडाचा पाय मागच्या भिंतीपर्यंत पोचतो. खोली निदान ६ × १२ इंच हवी, म्हणजे घरटं दारापासून आत, अंधारात राहतं. जुनी पेटी असेल, तर दोन खोल्यांमधली भिंत काढून एक खोली करता येते.

सुरुवात करणाऱ्याने भोपळेच घ्यावेत. खोल असतात, वाऱ्यावर हलतात. चिमण्यांना झुलतं घर पेटीइतकं पसंत नसतं, मार्टिनला त्याचं काही वाटत नाही. प्लॅस्टिकचे भोपळे तयार मिळतात. बाजूला ४-५ इंचांचं फिरकीचं झाकण असलेलेच घ्या, नाहीतर आत हात जात नाही. खरे भोपळे वापरायचे तर ८ इंचांहून कमी व्यासाचे नकोत. ते हिवाळाभर वाळवावे लागतात. बिया आत खुळखुळल्या की वाळला समजायचं. मग वरची बुरशी खरवडायची, दार कापायचं, आतला भुगा काढायचा, तळाला पाणी निचरायला चार-पाच बारीक भोकं आणि मानेत टांगण्यासाठी आरपार भोक पाडायचं. किडीपासून टिकावा म्हणून ५ गॅलन कोमट पाण्यात १ पौंड मोरचूद विरघळवून त्यात पंधरा मिनिटं बुडवून ठेवायचा. बादली प्लॅस्टिकचीच, कारण मोरचूद धातू खातं, हातमोजे घाला. सुकला की बाहेरून पांढरा तेलरंग. पांढऱ्याने ऊन परततं आणि काळं दार लांबून उठून दिसतं.

एकच भोपळा टांगून उपयोग नाही, हे पक्षी कळपाने राहणारे. निदान ४, जमल्यास ६ ते १२ खोल्यांनी सुरुवात करा. प्रत्येक खोलीत वाळलेल्या पाइनच्या सुया किंवा लाकडाच्या रंध्याने काढलेल्या ढलप्या इंचभर पसरा. करवतीचा बारीक भुसा टाकू नका, तो ओल धरतो. प्रत्येक खोलीला नंबर घाला. तो पुढे वहीसाठी लागतो.

तीन इंचांचं दार

साध्या गोल दाराचा व्यास २ १/८ इंच असतो. मार्टिन त्यातून आरामात जातो आणि युरोपियन स्टार्लिंगही जातो. खरं दुखणं इथेच आहे. स्टार्लिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्या आणि भोरडीच्या कुळातला पक्षी. १८९० आणि १८९१ साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये मिळून शंभरेक सोडले आणि आज ते खंडभर आहेत. हा नुसता खोली बळकावून थांबत नाही. आत बसलेल्या मार्टिनला चोचीने टोचून मारतो आणि त्याच्याच अंगावर घरटं रचतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, तो इथे शब्दशः खरा होतो.

यावर उपाय सापडला तो दाराच्या आकारात. दार अर्धचंद्रासारखं: खालची कड सपाट, ३ इंच रुंद, वरची कमानदार, मधोमध उंची १ ३/१६ इंच, म्हणजे जेमतेम ३० मिलिमीटर. मार्टिनचे पाय अगदी आखूड. तो पोट टेकवून, खांदे पाडून, पलंगाखाली चेंडू काढायला शिरणाऱ्या पोरासारखा सरपटत आत जातो. स्टार्लिंगची छाती भरदार, पाय लांब. त्याला वाकून सरपटता येत नाही, दारातच अडकतो. हा हिशेब इतका नाजूक आहे की उंची १ १/४ इंच झाली तर बारीक चणीचा स्टार्लिंग आत जातो आणि १ १/८ झाली तर मार्टिनची पाठ घासते. घरी कापणार असाल, तर कॅलिपरने मोजा. पट्टीच्या अंदाजावर विसंबू नका.

मापं बरोबर असूनही दार फसतं, त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: दाराची खालची कड, पक्षी टेकतो त्या बाहेरच्या फळीपासून फार वर राहिलेली असते. स्टार्लिंगला मग उभ्याने डोकं खुपसून, अंग तिरकं करून आत घसरायला वाव मिळतो. कड फळीशी लागून किंवा फार तर अर्धा इंच वर हवी. फळीवर थोडी खरबरीत जाळी किंवा खाचा पाडा, म्हणजे पक्ष्याचे पाय घसरणार नाहीत.

गोल दारांची सवय झालेली जुनी वस्ती असेल, तर एकदम सगळी दारं बदलू नका, पक्षी बिथरतात. नव्या जागी मात्र पहिल्या दिवसापासून अर्धचंद्रच लावा.

केव्हा उघडायचं

पहिले मार्टिन फ्लोरिडात जानेवारीच्या मध्याला दिसतात, टेक्सासच्या किनाऱ्यावर जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत, न्यू जर्सी-पेनसिल्व्हेनियाकडे मार्चअखेर ते एप्रिलमध्ये, कॅनडाच्या सीमेकडे त्याहून उशिरा. जुना समज असा, की हे पहिले पक्षी ‘टेहळे’ असतात: जागा बघून परत जातात आणि कळपाला घेऊन येतात. तसं काही नाही. ते सर्वांत वयस्क आणि अनुभवी पक्षी असतात आणि थेट आपापल्या जुन्या पत्त्यावर जातात.

म्हणून नव्या जागेच्या मालकाने त्यांच्या आगमनाची बातमी ऐकून घाईने दारं उघडू नयेत. तुमचे गिऱ्हाईक असलेले तरुण पक्षी त्यानंतर चार-सहा आठवड्यांनी यायला लागतात. मधल्या काळात उघडं, रिकामं, नवं कोरं घर चिमण्यांना आंदण मिळतं. भागात मोठे मार्टिन दिसू लागल्यावर चार आठवडे दारांना बुचं लावून ठेवा. ह्यूस्टनमध्ये साधारण मार्चपासून, मध्य न्यू जर्सीत मेच्या सुरुवातीपासून उघडा. मग मात्र जूनअखेरपर्यंत धीर धरा, कारण उत्तरेकडे तोवर नवे पक्षी येतच असतात.

त्यांचं लक्ष वेधायला एक युक्ती चालते. वस्तीतले नर भल्या पहाटे, अंधारात उंच उडत गातात. ते गाणं ऐकून तरुण पक्षी खाली उतरतात. त्याचं ध्वनिमुद्रण सूर्योदयाच्या दीड-दोन तास आधी लहान स्पीकरवर लावा. आवाज बेताचाच, नाहीतर पक्ष्यांच्या आधी शेजारी येतील. घरावर मार्टिनच्या एक-दोन प्लॅस्टिकच्या प्रतिकृती बसवल्या तरी फायदा होतो. पहिल्या वर्षी एखादा नर चार दिवस बसून गेला, तर निराश होऊ नका. वस्ती बसायला काही वर्षं लागली, तर त्यात नवल नाही; आणि जिथे आसपास मार्टिनच नाहीत तिथे कोणतीच युक्ती चालत नाही, हेही स्पष्ट सांगितलेलं बरं.

चिमणीचं काय करायचं

इथे मराठी वाचकाची पंचाईत होते. नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्चला जागतिक चिमणी दिन साजरा होतो, आपण गॅलरीत चिमण्यांसाठी खोकी टांगतो. अमेरिकेत हीच चिमणी १८५०च्या सुमारास ब्रुकलिनमध्ये बाहेरून आणून सोडली आणि तिथे ती मार्टिनची वैरी आहे. नर चिमणा एक खोली धरतो, पण शेजारच्या खोल्यांतली अंडी फोडतो, पिल्लं बाहेर फेकतो. आकाराने अर्धा, तरी मार्टिनच्या जोडीला पळवून लावतो. आणि अर्धचंद्र दार चिमणीला रोखत नाही. ज्यातून मार्टिन जातो त्यातून ती सहज जाते.

घरटं ओळखायला सोपं आहे. चिमणीचं म्हणजे छतापर्यंत कोंबलेलं वाळकं गवत, पिसं, कागदाचे कपटे, प्लॅस्टिक, वर घुमट आणि बाजूने बोळकांडी, अंडी ठिपक्याठिपक्यांची. मार्टिनचं सपाट: दाराशी चिखलाचा छोटा बांध, मागे काड्या आणि गवत, आणि अंडी घालायच्या सुमारास वर पसरलेली ताजी हिरवी पानं. अंडी पांढरीशुभ्र.

चिमणी आणि स्टार्लिंग या दोघांना अमेरिकेच्या संघराज्यीय कायद्याचं संरक्षण नाही; त्यांची घरटी-अंडी काढता येतात. पण नुसतं घरटं उपसून फेकलं की चिमणा चिडून दुसऱ्यांच्या खोल्यांवर हात साफ करतो. त्यामुळे बरेच अनुभवी मालक आधी पिंजरा लावून नर पकडतात. ज्यांना ते रुचत नाही त्यांनी अंडी मक्याच्या तेलात बुडवून परत ठेवावीत. जोडी न उबणाऱ्या अंड्यांवर बसून राहते आणि तेवढा काळ शांत असते. हे करताना घरटं चिमणीचंच आहे याची शंभर टक्के खात्री हवी. ट्री स्वॉलो, ब्लूबर्ड, रेन हे तिथले देशी पक्षीही कधी अशा खोलीत शिरतात आणि १९१८च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने त्यांच्या अंड्यांना हात लावणं गुन्हा ठरतो. ट्री स्वॉलोसाठी जरा लांब वेगळी पेटी लावली की तो मार्टिनचं घर सोडतो.

आणखी एक, आपल्या लोकांना खास सांगण्याजोगं: उरलेला भात, पोळीचे तुकडे, ताटातली शितं परसात पक्ष्यांसाठी टाकायची सवय असेल, तर ती मार्टिनच्या हंगामात बंद. मार्टिन दाणा खात नाही. त्या शितांवर फक्त चिमण्या पोसल्या जातात.

आठवड्याची फेरी

दर ५ ते ७ दिवसांनी दुपारी, कोरड्या हवेत घर खाली घ्या, प्रत्येक खोली उघडा, वहीत लिहा: खोली ३, पाच अंडी, खोली ७, चिमणीचं गवत, काढलं. माणसाचा हात लागला की आईबाप पिल्लं टाकून देतात, हा समज चुकीचा आहे. पंधरा-वीस मिनिटांत घर वर गेलं की ते लगेच परततात. खाली पडलेलं पिल्लूही उचलून त्याच वयाच्या पिल्लांत ठेवावं.

मादी रोज एक याप्रमाणे चार-पाच अंडी घालते, १५-१६ दिवस उबवते, आणि पिल्लं साधारण २८ दिवसांनी उडतात. तारीख लिहिली असेल, तर पुढचं वेळापत्रक आपोआप कळतं. पिल्लं दहा दिवसांची आणि पुन्हा विसाच्या आसपास झाली की घरटं बदलता येतं: पिल्लं कपड्याच्या टोपलीत ठेवायची, गोचीड-पिसवांनी भरलेलं ओलं घरटं काढायचं, कोरड्या ढलप्या घालून मधे खळगा करायचा, पिल्लं परत. कीटकनाशक फवारू नका. मात्र २२ दिवसांनंतर खोली उघडायची नाही. त्या वयाची पिल्लं घाबरून वेळेआधी उड्या टाकतात आणि खालच्या मांजराची सोय होते.

खांबावरून चढणारे आणि आकाशातून येणारे

रॅकून आणि रॅट स्नेक (आपल्या धामणीसारखा, चढण्यात पटाईत) एका रात्रीत अख्खी वस्ती फस्त करतात. एकदा वाट सापडली की दुसऱ्या रात्री पुन्हा येतात. खांबाभोवती ८ इंच व्यासाचा पत्र्याचा नळा, जमिनीपासून चारेक फुटांवर, थोडा हलता राहील असा अडकवा. लांबी २४ इंचांहून कमी नको. सापांचा भाग असेल तर ३६. खांबाला ग्रीस फासू नका: उन्हात वितळतं, धुळीने निकामी होतं, आणि पिसांना लागलं तर पक्षी उडू शकत नाही. सापांसाठी नळ्याखाली पाऊण इंची जाळी सैल गुंडाळतात, पण ती रोज बघावी लागते, कारण निरुपद्रवी सापही तिच्यात अडकतात.

घुबड रात्री घराला पंख आपटतं आणि बाहेर आलेला पक्षी उचलतं. सकाळी घराखाली जांभळी पिसं आणि पडलेले पंख दिसले, तर तेच. घराभोवती मोठ्या भोकांच्या तारेची जाळी पिंजऱ्यासारखी बसवली की मार्टिन आतबाहेर करतात, घुबडाचा पंजा आत पोचत नाही.

थंडी आणि उपास

मार्टिन फक्त उडते किडे खातो: चतुर, भुंगेरे, माशा, पतंग, पंखवाल्या मुंग्या. पारा ५० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे १० सेल्सियसच्या खाली गेला किंवा झड लागली की किडे उडत नाहीत, आणि दोन-तीन दिवसांत पक्षी उपाशी मरू लागतात. लवकर आलेले म्हातारे पक्षी असेच जातात. अशा वेळी विकतचे रातकिडे (गोठवलेले असतील तर कोमट करून) प्लॅस्टिकच्या चमच्याने हवेत उडवतात. उडता किडा समजून पक्षी झेलतो. एकदा कळलं की तोच पक्षी उंच ताटलीतून रातकिडे किंवा बिनमिठाची भुर्जीही उचलतो. अंडी धरणाऱ्या माद्यांना कॅल्शियम लागतं: अंड्याची टरफलं २५० अंश फॅरनहाइटवर २० मिनिटं ओव्हनमध्ये भाजून, चुरून, उघड्या ताटलीत ठेवावीत.

आणि डास. ‘एक मार्टिन दिवसाला २००० डास खातो’ हे वाक्य १९६०च्या दशकात इलिनॉयमधल्या ग्रिग्सव्हिलहून, अ‍ॅल्युमिनियमची घरं विकणाऱ्यांकडून पसरलं आणि अजून जाहिरातींत सापडतं. मार्टिन दिवसा, उंचावर शिकार करतो. डास संध्याकाळनंतर, जमिनीलगत. दोघांची गाठ क्वचितच पडते. डासांसाठी कुंडीखालच्या ताटल्यांतलं पाणी ओता, त्याचा जास्त उपयोग होईल.

जुलैत पिल्लं उडाली की घर रिकामं दिसतं आणि हात शिवशिवायला लागतात. लगेच उतरवू नका. त्या दिवसांत यंदाची पिल्लं आणि ज्यांची वीण फसली असे तरुण पक्षी गावोगावची घरं बघत फिरतात. ऑगस्टमध्ये ते हजारोंनी एकत्र रात्र काढायला जमतात. न्यू जर्सीतल्या मॉरिस नदीकाठच्या बोरूच्या रानात किंवा साउथ कॅरोलायनातल्या मरे तलावातल्या बेटावर संध्याकाळी आकाश काळं होतं, ते बघायला लोक बोटीने जातात. सप्टेंबरात सगळे दक्षिणेला गेले, की घर खाली घ्या, जुनी घरटी काढा, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी याने खोल्या धुवा, उन्हात वाळवा, दारांना बुचं बसवा आणि भोपळे गराजमध्ये टांगा. वही बरोबर ठेवा. कोणत्या नंबरच्या दारात चिमणी शिरली, ते फेब्रुवारीत आठवत नाही.